राख घालायची की नाही? बेळगावकडच्या परड्यासाठी माती, फेरपालट आणि खत

आमचं घर वडगावच्या कडेला. मागं परडं आहे, बारा फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब. माती काळी. पहिल्या वर्षी मिरची आणि वांगी लावली. रोपं जरा मलूल दिसली, म्हणून खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या मामांना फोन केला. मामांचं परडं बघत राहावं असं असतं. ते म्हणाले, "राख घाल की रे चार सूप. आमच्यात चुलीतली राख बाहेर कोण टाकतंय?" मी इमानेइतबारे राख घातली आणि हौसेनं वर चुन्याची फक्कीही मारली. पंधरा दिवसांत मिरचीचे शेंडे पिवळे पडले, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या.

मामांचं काही चुकलं नव्हतं. त्यांची माती तांबडी आणि आंबट, तिला राख मानवते. माझी काळी, चुना आधीच पोटात घेऊन बसलेली. आपल्या जिल्ह्यात परडं करणाऱ्यानं पहिल्यांदा हेच ध्यानात घ्यायचं. पश्चिमेला कणकुंबीत वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेला अथणीत 500-600 मिलिमीटरवर समाधान मानावं लागतं. एवढ्या पावसानं खानापूरकडच्या मातीतला कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेला. मागं राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम, त्यांचाच तो तांबडा जांभा. तिथं स्फुरद (फॉस्फरस) घातला तरी लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात, झाडापर्यंत पोचू देत नाहीत. अथणी, रायबागकडं उलटं. काळ्या दगडाची काळी माती, पाऊस कमी, त्यामुळं चुना धुपून जात नाही. खणताना पांढरे खडे लागतात ते त्याचेच. अशा मातीत लोह आणि जस्त असूनही झाडाला मिळत नाही. बेळगाव शहर या दोन टोकांच्या मधे आहे. एकाच गावात टिळकवाडीची माती एक आणि येळ्ळूर रस्त्याची दुसरी.

म्हणून एखादा सल्ला कानावर पडला की आधी विचारा, सांगणाऱ्याची माती कुठली?

माती ओळखा, घरच्या घरी

नव्या लेआउटमधे घर असेल तर वरच्या रंगावर जाऊ नका. प्लॉट भरायला ट्रॉलीनं आणलेला मुरूम वर असतो आणि त्याखाली विटांचे तुकडे, सिमेंटचा गिलावा. पहारीनं दीड फूट खोल खणून बघा. गिलाव्याचे तुकडे वेचून काढा. सिमेंट हा चुन्याचाच भाऊ, तो तांबड्या मातीलाही आतून बदलतो.

आता वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या. ती वाळवा, ढेकळं फोडा आणि काचेच्या सरळ बरणीत एक तृतीयांश भरा. वर पाणी घालून चिमूटभर धुण्याची पावडर टाका आणि पाच मिनिटं जोरात हलवून बरणी खिडकीत ठेवा. मिनिटाभरात वाळू तळाला बसते. पोयटा बसायला दोन-तीन तास जातात. चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. थर पट्टीनं मोजा. माझ्या बरणीत वरचा चिकणमातीचा थर निम्म्याहून जास्त निघाला. मामांकडं वाळू आणि बारीक खडेच जास्त.

दुसरी परीक्षा व्हिनेगरची. चमचाभर कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर ओता. फसफसली तर चुना मोकळा आहे. त्या परड्यात राख आणि चुना दोन्ही वर्ज्य. फसफसली नाही म्हणजे माती आंबटच आहे असं मात्र धरू नका, तो निकाल तपासणीतच लागतो.

तिसरी निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला तासाला बोटभरही पाणी उतरलं नाही, तर सपाट वाफ्यात पावसाळी भाजी करायचा नाद सोडा. तिथं गादी वाफाच, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला वाफाच हवा.

तपासणीचा कागद आणि त्यातलं कन्नड

परडं चार-पाच वर्षं करायचं असेल तर एकदा माती तपासून घ्याच. चौकशी आपल्या होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेती खात्याच्या कचेरीत करा. धारवाडला कृषी विद्यापीठ आहे आणि बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे. नमुना घेताना घाई नको. परड्यात पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्या आणि त्यांच्या कडेची पातळ चकती खरवडा. सगळं घमेल्यात मिसळा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या आणि अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहा. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत द्या. खताच्या रिकाम्या पोत्यात कधीच नको. नुकतंच खत घातलेल्या जागेचा नमुनाही घेऊ नका.

रिपोर्ट कन्नडमधे आला की आपली मंडळी तो घडी घालून ठेवून देतात. त्यात पाच शब्द ओळखता आले की काम भागतं. रससार म्हणजे सामू (पीएच; आकडा जितका खाली तितकी माती आंबट), सावयव इंगाल म्हणजे सेंद्रिय कर्ब, सारजनक म्हणजे नत्र (नायट्रोजन), रंजक म्हणजे स्फुरद, आणि पोटॅश तर पोटॅशच. सामू 6 ते 7.5 च्या दरम्यान असेल तर बहुतेक भाज्या खूश असतात. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली असेल तर बाकी आकडे बघायच्या आधी शेणखताची सोय करा.

सामू 5.5 च्या आसपास आला, जो खानापूरकडं सहज येतो, तर दहा बाय चार फुटांच्या वाफ्याला अर्धा ते पाऊण किलो शेतीचा चुना किंवा डोलोमाइट पुरे. लावणीआधी दोन-तीन आठवडे मातीत मिसळायचा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, युरिया तर नाहीच. नत्र वायू होऊन उडून जातं, वासावरूनच कळतं. राख घालायची तर त्याच तांबड्या मातीत, वर्षाला वाफ्यामागं तांब्याभर. मामांची चार सूप राख त्यांच्या अख्ख्या परड्याला असते, हे मला नंतर समजलं.

वाफसा बघून खोरं उचला

काळ्या मातीत मुळात एकच नियम आहे आणि तो मोडला की हंगाम गेला. ओल्यात पाय घालू नका. वळीव पडला की हात शिवशिवतात, पण थांबा. मुठीत माती घट्ट दाबा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. लाडूसारखी एकसंध राहिली तर अजून ओल आहे. भुगा झाला तर वाफसा आला. ओल्यात खणलेली काळी माती विटेसारखी वाळते आणि ती ढेकळं पुढच्या पावसापर्यंत फुटत नाहीत.

वाफा चार फूट रुंद घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि आत पाय ठेवावा लागत नाही. लांबी जागेप्रमाणं. माझे दहा फुटी चार वाफे बसले, मधे दीड फुटाची वाट. काळ्या जमिनीत वाफा वीतभर उंच करा. तांबड्यात उलट जरा खोलगट ठेवा आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, कारण ती माती पाणी धरत नाही.

कोणी सांगेल की चिकणमातीत वाळू घाल, मोकळी होईल. दोन पोती वाळूनं काही होत नाही, उलट माती आणखी घट्ट बसते. मोकळी करायची ती शेणखतानं आणि पाल्यानं, दरवर्षी थोडी थोडी.

आणखी एक माझं मत. नवख्यानं पावसाळ्यात सुरुवात करू नये. कर्नाटकी बेंदराला सगळे पेरतात म्हणून आपणही पेरतो आणि मग जुलै-ऑगस्टची झड लागते, ऊन दिसत नाही, रोपं कुजतात आणि हुरूप जातो. पहिलं पीक दसऱ्यानंतर घ्या. मेथी, मुळा, वाटाणा, नवलकोल. थंडीत किडी कमी असतात आणि चुकाही झाकल्या जातात. मधल्या महिन्यांत खत तयार करा.

गायरी: खताची खरी शाळा

शेणाच्या ढिगाला आमच्याकडं गायरी म्हणतात, इतरत्र उकिरडा. गावातून शेणखत विकत घेताना ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर ते अजून कच्चं आहे. शेणाचा वास येतोय, कडब्याची धाटं ओळखू येतायत, तरी कच्चंच. कुजलेलं खत काळपट, भुसभुशीत असतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास देतं. कच्च्या खताबरोबर हुमणीही घरी येते. चंद्रकोरीसारखी वाकलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी दिसली की ती वेचून कोंबड्यांना घाला. एकदा ती वाफ्यात उतरली की वांग्याची रोपं सकाळी उभी आणि दुपारी आडवी. उपटून बघितलं तर मुळं खाल्लेली.

प्रमाण सांगतो. दहा बाय चारच्या वाफ्याला वर्षाला दीड-दोन घमेली कुजलेलं खत, म्हणजे साधारण दहा-बारा किलो. जमीन अगदी हलकी किंवा भराव्याची असेल तर पहिल्या वर्षी दुप्पट.

विकत घ्यायचं नसेल तर परड्याच्या कोपऱ्यात तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच ढीग रचा. खाली काटक्या, मग वीतभर वाळका पाला, त्यावर तीन-चार बोटं ओला कचरा, म्हणजे भाजीची देठं, चहाचा चोथा, कापलेलं गवत. वर शेणकाल्याचा हबका आणि थोडी जुनी माती. असेच थर वरपर्यंत. पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवायची. दोन-तीन दिवसांत मधे हात ठेवायला नको इतका तो तापतो. ऊब ओसरली की उलथापालथ करा. तीनेक महिन्यांत खत होतं, थंडीत जरा जास्त. घाण वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, वाळका पाला घाला. नुसताच पडून राहिला तर शेण आणि पाणी कमी पडलंय. पावसाळ्यात वर जुना पत्रा किंवा ताडपत्री हवीच. माझा पहिला ढीग जुलैतल्या झडीत सापडला आणि खताचा सगळा कस गटारीत वाहून गेला.

फेब्रुवारी-मार्चमधे गल्लोगल्ली पानं पेटवतात ना, तेव्हा पोती घेऊन फिरा. लोक आनंदानं देतात.

जिल्ह्यात कारखाने बरेच, त्यामुळं उसाचं पाचट आणि मळी (रस गाळून उरलेला गाळ) सहज मिळते. पाचट आच्छादनाला उत्तम, पण मातीत गाडू नका. ते कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि भाजी पिवळी पडते. ताजी मळी गरम असते, दोन-तीन महिने पडू द्या. निपाणीकडच्या लोकांना एक इशारा. तंबाखूची काडी किंवा चुरा खत म्हणून टोमॅटो-मिरचीच्या वाफ्यात नको. तंबाखू, टोमॅटो आणि मिरची एकाच घरातली, आणि तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळक्या पानातही वर्षानुवर्षं जिवंत राहतो. विडी-तंबाखू मळलेला हात धुतल्याशिवाय रोपाला लावू नये म्हणतात ते याचसाठी.

जीवामृताबद्दल नेहमी विचारतात. घरगुती मापात दहा लिटर पाण्याला अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. मी करतो. पण त्यात प्रत्यक्ष अन्नद्रव्य फार थोडं असतं, त्यामुळं ते शेणखताच्या जोडीला, त्याच्या बदली नाही.

भातामागं मसूर, टोमॅटोमागं काय?

फेरपालट ही आपल्याकडं नवी गोष्ट नाही. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात भात निघालं की उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. पाणी द्यावं लागत नाही आणि जमीनही सावरते. परड्यात तेच छोट्या मापात करायचं.

सूत्र असं की पीक ओळखायचं ते घराण्यावरून. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा हे एक घराणं. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि मुळा दुसरं. मुळा कोबीचा नातेवाईक आहे हे कुणाला खरं वाटत नाही, पण दोघांची फुलं आणि शेंगा बघा. घेवडा, चवळी, गवार, वाटाणा आणि मेथी हे तिसरं. मेथीला आपण पालेभाजी म्हणतो, तिचं बी द्विदल आहे. दोडका, काकडी, कारलं, भोपळा हे वेलांचं घराणं.

माझ्या चार वाफ्यांचा क्रम असा. पहिल्यात टोमॅटो-वांगी-मिरची, भरपूर शेणखत घालून. पुढच्या वर्षी तिथं मुळा, गाजर, बीट, कांदा. त्यांना नवं खत देत नाही, कारण ताज्या खतात गाजराला फाटे फुटतात. तिसऱ्या वर्षी शेंगा. चौथ्या वर्षी पुन्हा खत घालून वेल आणि भेंडी. दरवर्षी सगळी मंडळी एकेक वाफा पुढं सरकतात. कोथिंबीर, पालक, माठ मोकळ्या जागेत कुठंही बसतात.

शेंगांचं पीक संपलं की झाड उपटू नका, जमिनीलगत कापा. तत्पूर्वी एखादं रोप मुळासकट काढून बघण्यासारखं असतं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. नखानं एक फोडा. आत गुलाबी असेल तर ती हवेतलं नत्र धरतेय, हिरवट किंवा करडी असेल तर तिचं काम संपलंय. मात्र घेवडा लावला म्हणजे पुढं खत नको, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या नत्राचा मोठा वाटा आपण शेंगांतून तोडून आमटीत घातलेला असतो.

रोगाच्या बाबतीत फेरपालटाकडून फार मोठी अपेक्षाही नको. दहा फुटांवरच्या वाफ्यात माती खोऱ्याला, चपलेला आणि पाण्याला चिकटून जातेच. तरी ती करायची, कारण न केल्यास काय होतं ते मी पाहिलंय. नळाजवळच्या वाफ्यात तीन वर्षं टोमॅटो काढला. ऊन पडायचं, सोय होती. तिसऱ्या वर्षी फळं धरलेली झाडं हिरवीच्या हिरवी मान टाकू लागली. संध्याकाळी सावरायची, सकाळी पुन्हा लोळण. शेवटी एक खोड जमिनीलगत कापलं आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगून धरलं. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा बारीक धागा खाली उतरताना दिसला. हा जिवाणूंमुळं होणारा मर रोग, औषधानं जात नाही. असं दिसलं की झाड मातीसकट उचलून जाळा, ढिगात टाकू नका. त्या वाफ्यात किमान तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यातलं काही नको. मका आणि कांदा चालतो.

मुळांवर वेड्यावाकड्या, न सुटणाऱ्या गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारा, डोळ्याला न दिसणारा जंत. शेंगवर्गाच्या गाठी मुळाच्या कडेला टोचल्यासारख्या असतात आणि बोटानं सुटतात, या मुळातच फुगलेल्या असतात. तिथं एक हंगाम झेंडू दाट लावा. दसऱ्याला फुलंही घरची होतील.

पाकिटातलं खत

दुकानात गेल्यावर बेविन हिंडी म्हणजे निंबोळी पेंड, एरेहुळू गोब्बर म्हणजे गांडूळ खत आणि सुण्ण म्हणजे चुना. निंबोळी पेंड वाफ्याला पाव ते अर्धा किलो, लावणीच्या वेळी.

रासायनिक खताशी माझं वैर नाही, पण हात आवरता यायला हवा. पोत्यावरचे आकडे टक्के असतात आणि क्रम ठरलेला: नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजेच पोटॅश). डीएपीवर 18:46 म्हणजे पालाश मुळीच नाही. युरियात 46 टक्के नत्र. म्हणून युरिया मुठीनं टाकायची वस्तूच नव्हे. सपाट दोन-तीन चमचे अख्ख्या वाफ्याला, खोडापासून चार बोटं दूर, ओलीत, आणि पुन्हा द्यायचा तर तीन-चार आठवड्यांनी. झडीच्या दिवसांत देऊ नका, घातलेलं सगळं वाहून जातं.

खत द्यायच्या आधी पान बघा. खालची जुनी पानं अख्खी पिवळी पडली असतील तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी, आणि तिथं युरिया ओतून काही उपयोग नाही. माझ्या मिरचीचं हेच झालं होतं. शेवटी लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, यातून लोह मिळतं) आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून उन्हं कलल्यावर फवारलं, दहा दिवसांनी पुन्हा. नवे शेंडे हिरवे आले. पिवळी पडलेली जुनी पानं मात्र तशीच राहिली, ती परत हिरवी होत नाहीत.

वाफ्यांचा नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि कुठं काय लावलं ते महिन्यासकट लिहा. नळाजवळच्या वाफ्यात सध्या मका आहे. मामा मागच्या महिन्यात आले होते, कणसं बघून म्हणाले, "बरा झालाय की. राख घातलीस?"